चिंबोरीला तीन मार्क

झूलॉजीला ठरवून कोणी येत नाही, हे आधी मान्य करून टाकू. एफवायच्या पहिल्या लेक्चरला विचारलं की बाबांनो, इकडे कसे काय, तर निम्म्या वर्गाचं उत्तर एकच, नीट. नीटला मार्क कमी पडले, प्रायव्हेट कॉलेजची फी ऐकून बाबा गप्प झाले, घरी बसून रिपीट करण्यापेक्षा ॲडमिशन तरी घेऊन ठेवू. उरलेल्यांना बायोटेक किंवा मायक्रो हवं होतं, तिथली लिस्ट वरच बंद झाली. एखादी असते जिला खरोखर प्राणी आवडतात, पण कुठले म्हणून विचारलं तर कुत्रा आणि मांजर. मला तक्रार करायला जागा नाही, मीही मेडिकल हुकल्यावरच आलेली, आणि तेव्हा आमच्या एका काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं की मग आता राणीच्या बागेत लागणार का. हे काका अजून लग्नात भेटले की विचारतात, काय, लागलीस का.

तर अशी ही भरती. तरी टीवायपर्यंत यातली बरीच मुलं टिकतात, काही तर नीटचा नाद सोडून मुद्दाम राहतात, आणि मला हल्ली पक्कं वाटायला लागलंय की ती आमच्या लेक्चरमुळे नाही राहत, ती खाडीमुळे राहतात. ठाण्यात कॉलेजला असा किंवा नवी मुंबईत, खाडी कुठूनही फार लांब नाही, उल्हास नदीपासून मुंबई बंदरापर्यंत २६ किलोमीटर पसरलीय ती, आणि आमचं अर्धं प्राणिशास्त्र तिच्या चिखलात पडलेलं आहे. फक्त त्या अर्ध्याला मार्क कसे द्यायचे हे आमच्या परीक्षेला माहीत नाही. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आधी डिपार्टमेंट कसं असतं ते सांगते, ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी. दार उघडलं की फॉर्मॅलिन. पहिल्या आठवड्यात डोळे चुरचुरतात, मग नाकाला कळेनासं होतं, आणि घरचे सांगतात की तुझ्या ओढणीला कसला तरी वास येतोय. भिंतीला काचेची कपाटं, त्यात बरण्या, बरण्यांवर पिवळी पडलेली लेबलं, काही लेबलं आमच्या आधीच्या आधीच्या कोणी तरी टाकाच्या पेनाने लिहिलेली. ऑक्टोपस, समुद्री घोडा, सी पेन, हर्डमानिया, बॅलॅनोग्लॉसस, हे सगळे तिथे वर्षानुवर्षं राहतात. फॉर्मॅलिनमध्ये पहिल्यांदा जातो तो रंग. म्हणून कपाटातला प्रत्येक प्राणी एकाच रंगाचा आहे, मळकट पांढरा, आणि ज्या मुलाने पहिला ऑक्टोपस आमच्या बरणीत बघितला त्याला आयुष्यभर ऑक्टोपस त्याच रंगाचा वाटतो. क्षणात रंग बदलणारा प्राणी आम्ही मळकट पांढरा म्हणून शिकवतो, यावर परीक्षेत तीन मार्कांचा स्पॉट असतो, म्हणजे समोर ठेवलेला नमुना बघून लिहायचं. आयडेंटिफाय, क्लासिफाय अँड कमेंट.

आमच्या वेळी बरण्यांच्या जोडीला डिसेक्शनही होतं. झुरळापासून सुरुवात. लॅबचे मामा रात्री गटाराच्या झाकणाशी डबा लावून झुरळं धरायचे, सकाळी क्लोरोफॉर्म, मग मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून, वर पाणी ओतून, पंख कापून पाठीकडून उघडायचं. आत पांढरी चरबी भरलेली असते, ती चिमट्याने थोडी थोडी बाजूला करत जायची, श्वासनलिका पाण्यात चांदीच्या तारेच्या तुकड्यांगत चमकतात, त्या तोडत जायच्या, आणि शेवटी पोटाच्या तळाशी नर्व्ह कॉर्ड दिसते. दोन बारीक दोरे, मध्ये मध्ये गाठी, छातीत तीन आणि पोटात सहा. ती दिसावी म्हणून तिच्याखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची, आणि ही पट्टी सरकवताना श्वास धरायचा, कारण हात हलला की कॉर्ड तुटली आणि कॉर्ड तुटली की परत पहिल्यापासून नवं झुरळ. आमच्या मॅडम मागे उभ्या राहून काही बोलायच्या नाहीत, नुसत्या चष्म्यातून ट्रेकडे बघायच्या. ते बघणं जास्त भारी पडायचं.

टीवायला मुशी यायची. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन, बाजारातलं नाव मुशी, आणि आमच्या जर्नलमध्ये मुशीचा म नव्हता. तिच्या क्रेनियल नर्व्हज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, काढायच्या, पाचवी, सातवी, नववी, दहावी. शार्कला हाड नसतं, सगळी कूर्चा, म्हणून स्कॅल्पेलने डोळ्याच्या खोबणीभोवती पापुद्रा पापुद्रा खरवडत जायचं आणि मध्येच नस लागते. एकदा माझ्या शेजारच्या मुलीच्या ट्रेमध्ये मादी आली. सरांनी तिला डोकं राहू दे म्हणून सांगितलं आणि पोट उघडायला लावलं, आख्खा वर्ग त्या टेबलाभोवती. आत बोटाएवढी पिल्लं, प्रत्येकाला नाळ, नाळेचं दुसरं टोक आईच्या गर्भाशयाला चिकटलेलं. मासा, आणि नाळ! या मुशीचं अंडं सगळ्या शार्कांमध्ये छोटं, जेमतेम एक मिलिमीटर, त्यात पिवळा बलक नावालाच, त्यामुळे पिल्लाचं सगळं पोषण आईच्या रक्तातून. सर तासभर बोलत होते, प्रॅक्टिकलची वेळ संपली, कुणाच्याच नर्व्हज निघाल्या नाहीत. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाजी निवडत म्हणाली, म्हणूनच बाळंतिणीला मुशी देतात. आता या दोन गोष्टींचा शास्त्राने काहीही संबंध नाही, हे मी तिला तेव्हा ताडकन सांगितलं, पण मुशीचं पोट तिने माझ्या आधी शंभर वेळा साफ केलं होतं आणि पिल्लं तिलाही दिसलेली होती, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला.

२०१४ साली यूजीसीने डिसेक्शन बंद करायला सांगितलं. बरं झालं. हे मी मनापासून म्हणते, कारण देशभरातल्या कॉलेजांत दरवर्षी किती प्राणी नुसते मार्कांसाठी मरायचे याचा हिशोब कोणी ठेवत नव्हतं, आणि त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे बँकेत किंवा एमबीएला जायचं होतं. त्यांच्यासाठी बेडूक का मारायचा. पहिल्या पावसात येऊरच्या पायथ्याला साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होऊन गळ्याचे निळे फुगे फुगवत ओरडतात, ते मुलांनी एकदा ऐकलं आणि बघितलं की बेडकाचं निम्मं चॅप्टर तिथेच होतं. पण बंदी आली तशी त्या जागी जे आलं ते बघवत नाही. सॉफ्टवेअर. स्क्रीनवर झुरळ, माउसने कात्री उचला, इथे क्लिक करा, चरबी आपोआप बाजूला. काळा कागद आपोआप खाली. तुटत काहीच नाही. तुटणार नाही अशा गोष्टीला हात लावताना मुलांचा हात थांबत नाही, आणि हात थांबला नाही तर डोळाही थांबत नाही, सरळ शेवटच्या स्क्रीनवर जाऊन स्क्रीनशॉट काढून जर्नलला चिकटवतात. मला कोणी जुन्या वळणाची म्हटलं तरी चालेल.

मग आम्ही मासळी बाजारात गेलो. यात फार थोर विचार वगैरे नव्हता. जे प्राणी माणसं रोज रात्री कालवणात खातात ते लॅबमध्ये आणले तर कुणाचं काही म्हणणं नसतं, कोळंबीची अपेंडेजेस म्हणजे पाय-मिशा, माकुलाच्या आतली पेन नावाची पातळ पट्टी, बोंबलाचं तोंड, बांगड्याचे खवले. सुरुवातीला मामाच आणायचे. एकदा मामा गावी गेले म्हणून मी मुलांना घेऊन गेले, आणि लक्षात आलं की प्रॅक्टिकल तर इथेच होतंय, लॅबमध्ये आपण नुसतं उरलंसुरलं नेतोय.

चिंबोरीचंच, म्हणजे खाडीतल्या खेकड्याचंच सांगते. मासळीवाल्या मावशीकडे टोपलीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. मी मुलांना विचारलं, नर कुठला, मादी कुठली. सगळे मोबाइल काढायला लागले. मावशीने एक उलटी केली, पोटावरची झडप दाखवली, ही अरुंद टोकदार तो नर, ही रुंद गोल ती मादी, आणि ही बघ अर्धवट, ही अजून पोर आहे. एवढं होईपर्यंत आमच्या पुस्तकातलं अख्खं पान झालं होतं. मग तिने दुसरी उचलली, शेवटच्या पायाशी खालून अंगठ्याने दाबली, कवच थोडं आत गेलं, ती बाजूला टाकली. का टाकली? पोकळ आहे. पोकळ का? कात टाकलीय. आणि आम्ही वर्गात जे एक्डायसिस म्हणून हॉर्मोनच्या नावांसकट शिकवतो ते हेच, खेकडा जुनं कवच टाकतो, नवं मऊ असतानाच पाणी शोषून फुगून घेतो म्हणजे कवच मोठ्या मापाचं घट्ट होतं, आणि आतलं मांस मग सावकाश भरतं. मधल्या काळात चिंबोरी मापाने मोठी आणि आत पाणी. गिऱ्हाईक फसतं. मावशी फसत नाही.

वर्गातल्या दोन मुली कोळीवाड्यातल्या, एक मुलगा घणसोलीकडचा आगरी. तोपर्यंत हे तिघं शेवटच्या बाकावर, इंग्लिश लेक्चरला मान खाली, व्हायवाला घाम. बाजारात मात्र बाकीची पोरं त्यांच्या मागे मागे. त्या मुलाने सांगितलं की अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेच्या पोकळ, घरात आजीपासून सगळे हेच धरून चालतात. नवी मुंबईतल्या टॉवरमधल्या मुलांना ते अंधश्रद्धा वाटलं. मग भांडण, मग प्रोजेक्ट. दोन्ही तिथींना चिंबोऱ्या आणायच्या, माप घ्यायचं, वजन करायचं, मापाच्या मानाने वजन किती ते बघायचं. केलं. ग्राफ काढला. काही सिद्ध झालं नाही, नमुनाच इतका कमी होता की कुठलीच टेस्ट लागू पडेना, आणि शिवाय चिंबोऱ्या कुठल्या खाडीतून आल्या, किती दिवस टोपलीत होत्या, कशाचा पत्ता नाही. मुलं हिरमुसली. मावशीला सांगितलं तर म्हणाली, चिंबोरी काय तुमचे कालेजचे टायमान भरते गो? पण मला विचाराल तर त्या वर्षी सॅम्पलिंग हा चॅप्टर मला शिकवावा लागला नाही.

जिताड्याचं तर अजून मजेशीर. रायगडपासून ठाण्यापर्यंत आगरी घरात जिताडा म्हणजे मान, पाहुण्याला जिताडा केला म्हणजे पाहुणा वजनदार. वर्गात सांगितलं की हा मासा बहुतेक करून आधी नर म्हणून वयात येतो, काही वर्षं नर म्हणून राहतो, आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणून छोट्या मापात नर आणि थोराड मापात माद्या. वर्गात शांतता. मग तोच मागचा मुलगा, म्हणजे मॅडम, आमच्या हळदीला जो मोठा आणला होता तो बाई होता? सगळा वर्ग हसून लोटपोट. पण हसणं थांबल्यावर त्यानेच पुढचं विचारलं, मग सगळे मोठेच पकडले तर अंडी कोण घालणार. मत्स्य व्यवस्थापनाच्या पेपरात जो मुद्दा आहे तो त्याने कुठलीही नोट न वाचता काढला. मी फळ्यावर काही लिहिलं नाही, त्याला पुढे बोलू दिलं.

अर्थात खाडी म्हणजे नुसतं असं गोड गोड नाही. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत आहे, विंकलरची. बाटली पाण्यात बुडवून बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटी-सुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका ऑक्सिजन तितका गडद. लॅबमध्ये नळाच्या पाण्यावर हे दरवर्षी होतं, सगळ्यांचा साका तपकिरी, सगळ्यांचं रीडिंग सारखं, निम्म्यांनी शेजारच्याचं उतरवलेलं. मग एकदा ओहोटीला नाला खाडीला मिळतो तिथे नेलं. एका मुलीने बाटली भरली, रसायनं घातली, हलवली, आणि साका पांढरा. तिला वाटलं रसायन चुकलं. दुसरी बाटली, परत पांढरा. तिसऱ्या वेळी ती बाटली उन्हात धरून बघत राहिली आणि मग म्हणाली, मॅम, यात काहीच नाहीये. काहीच नाहीये म्हणजे श्वास घेण्यासारखं काही नाही. वरून पाणी आपलं नेहमीसारखं खाडीचं पाणी. तिचं घर त्या नाल्याच्या कडेच्या सोसायटीत, आणि तिने घरी जाऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या बाटलीचा फोटो टाकला. कोणीतरी खाली हात जोडल्याची इमोजी टाकली.

आणि याच सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर चिखलात जे शेवाळ माजतं त्यावर आपले फ्लेमिंगो पोसले जातात असं बरेच जाणकार मानतात. लेसर म्हणजे छोटा फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात घालतो, चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, त्यातल्या कॅरोटिनॉइड्स या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो. २०१५ मध्ये खाडीचा १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, नवी मुंबईत तर भिंतीभिंतीवर आणि चौकाचौकात फ्लेमिंगो. छान आहे. मुलांना घेऊन मीही जाते, नेरुळच्या बाजूला आणि ऐरोलीला. पण मला त्यांच्यापेक्षा निवटीचं वेड जास्त. ओहोटीला धक्क्यावर नुसतं उभं राहून खाली बघायचं, पाच मिनिटं काही दिसत नाही, चिखल. मग चिखलाचाच एक तुकडा सरकतो. बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेलून डोकं डावी-उजवी फिरवत चिखलावरची डायटमची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाची, पातळ साय ओरबाडतो. मध्येच एक डोळा खोबणीत खाली बुडवतो, ओला करतो, परत वर. गालात पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही श्वास घेतो, म्हणून मासा असून पाण्याबाहेर फिरतो. दुसरा जवळ आला की पाठीवरचा पर ताडकन उभा, तोंड वासून भांडण, आणि नर उडी मारतो तेव्हा आख्खा चिखलाबाहेर. मुलं इथे फोन खिशात ठेवतात, कारण निवटी फोटोत नीट येत नाही, ती चिखलाचीच दिसते. कोळीवाड्यातली ती मुलगी मात्र म्हणाली, मॅम, किती वेळ बघणार, आमच्याकडे सुकं करतात याचं.

आता एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, आल्यापासून फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, ही चांगली गोष्ट. पण क्रेडिट आलं की फॉरमॅट आला. रिपोर्टला जिओ-टॅग फोटो हवेत, फोटोत बॅनर हवा, बॅनरवर कॉलेजचं नाव, आणि विद्यार्थी बॅनरकडे तोंड करून उभे हवेत. निवटीकडे पाठ. मी गमतीने नाही सांगत, आमच्या एका रिपोर्टमध्ये खरंच असा फोटो आहे. शिवाय ओहोटी काय आपल्या टाइमटेबलने येते? ती कधी सकाळी सहाला, कधी रविवारी. मी कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षा पास होऊन, तासाला ठरलेले पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही, आणि रविवारी सहाला चिखलात घालवलेली सकाळ तासिकेच्या कुठल्याच रकान्यात बसायची नाही. हेडना विचारलं तर म्हणाले, मॅडम, तुम्ही जाताच कशाला. प्रश्न बरोबर होता त्यांचा. तासिकेवरच्या माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणी कोचिंग क्लासला गेल्या, तिथे नीटचं झूलॉजी शिकवतात, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बरं कमावतात. त्यांच्याकडून निघालेली मुलं नीटला हुकली की माझ्याकडे येतात, असं आमचं एकमेकींशी जुळलेलं आहे.

गेल्या प्रॅक्टिकल परीक्षेत मी एका स्पॉटला बरणी ठेवायच्या ऐवजी बाजारातून आणलेली चिंबोरी ठेवली, नांग्या दोरीने बांधून, ट्रेमध्ये. आन्सर की नेहमीची, फायलम आर्थ्रोपोडा, क्लास क्रस्टेशिया, ऑर्डर डेकापोडा, सिला सेराटा, मग कमेंट. बहुतेकांनी तेच लिहिलं, एकाने तर समोर जिवंत चिंबोरी फेस काढत असताना तिच्याकडे न बघता खारफुटीत राहते, मांसाहारी आहे वगैरे भराभर उतरवलं. घणसोलीच्या त्या मुलाने वर्गीकरणाला हातच लावला नव्हता. त्याचं उत्तर असं: चिंबोरी, नर. कात टाकून फार दिवस झाले नाहीत, कवच स्वच्छ आहे, खालून दाबलं तर बसतं, आत पाणी असणार. विकत घेऊ नये.

एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणाले, हे काय कमेंट आहे? हॅबिट, हॅबिटॅट, इकॉनॉमिक इम्पॉर्टन्स हवं. मी म्हटलं, सर, विकत घेऊ नये यापेक्षा जास्त इकॉनॉमिक इम्पॉर्टन्स काय असतं. ते हसले, पण पेन काही हललं नाही. बराच वेळ घासाघीस झाली, शेवटी तीनपैकी दीड. वर्गीकरणाचे गेले, आणि ते जाणं बरोबरच होतं, फायलम यायलाच हवा. बाकीच्या दीडसाठी मी भांडले याचं मला जरा बरं वाटलं. चहा झाला, मार्कशीटवर सह्या झाल्या, पाकीट सील झालं. निघताना सर त्या ट्रेपाशी थांबले, चिंबोरी उलटी केली, शेवटच्या पायाशी अंगठ्याने दाबून बघितली, परत एकदा दाबली, आणि मामांना विचारलं, कितीला लावली हो ही तुम्हाला?